पाइपातला हुंकार

रविवारी सकाळी आणे पठारावरच्या त्या वस्तीत यात्रेच्या आमटीच्या पंगतीला जमावीत इतकी माणसं जमली होती, आणि ती सगळी एका ट्रककडे पाहत होती.

ट्रक तसा बघण्यासारखा नव्हता. मागच्या फाळक्याला मुरमाची धूळ, पुढच्या काचेला तडा, बॉनेटवर झेंडूची माळ. मात्र क्लीनरच्या बाजूनं, केबिनच्या अंगाला चिकटून एक काळा पाईप वर गेला होता, आणि छताच्या वर छत्रीच्या मुठीसारखा वळून पुन्हा खाली पाहत होता. मान खाली घालून कुणी कुणाचं ऐकत उभं असावं, तसा. लोक नवस बोलायला आले होते ते त्या पाइपाला.

"सायलेंट! आता समदे सायलेंट!" भगवंतबुवांनी हात वर केला. पिवळा झब्बा, कपाळभर भंडारा, मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ. "मायबाप, माणूस मेला म्हंजी काय व्हतं? बॉडी जाती. पन श्वास? डॉक्टरला इचारा, तो म्हणंल, थांबला. अरं, थांबला म्हंजी कुठं थांबला? कोणत्या स्टँडवर? ते त्याला सांगता येत न्हाई. मी सांगतो. सोपानचा श्वास ह्या पाइपात थांबलाय. हे वरचं एसटीडी बूथ हाय. कॉल तिकडनं येतो."

"अन् बिल इकडं फाटतं व्हय?" गर्दीतून म्हातारा कुशाबा म्हणाला. दोघं-चौघं हसले.

"श्रद्धा नसंल त्याची लाईन कट असती, बाबा," बुवा न अडखळता म्हणाले. "तुमी मागं व्हा. माय, तुमी म्होरं या. हाक मारा लेकाला."

साळुबाई पुढं आली. सहा महिन्यांत तिची पाठ कमानीसारखी वाकली होती. पाइपाच्या वळलेल्या तोंडाकडे पाहत तिनं हाक मारली, "सोपाना!" इंजिन नुसतं घरघरत होतं. "सोपाना रं!" घरघर तशीच. तिसऱ्या हाकेला बुवांचा उंचावलेला हात खाली आला, केबिनमध्ये बसलेल्या सुदर्शननं, सोपानच्या धाकट्या भावानं, ॲक्सिलरेटर दाबला. आणि इंजिनाच्या आवाजाखालून दुसराच एक आवाज उगवला. लांब, खोल, छातीतून निघणारा. ओठ मिटून एखादा पुरुष गुणगुणतो तसा.

बायकांनी पदर डोळ्यांना लावले. बुवांनी मूठभर भंडारा पाइपाच्या तोंडाखाली उधळला. पिवळा ढग क्षणभर हवेत थरथरला आणि आत नाहीसा झाला.

"घेतला! लेकरानं घेतला!"

"येळकोट येळकोट!" गर्दी गरजली.

त्या गर्दीच्या पुढच्या रांगेत आरती उभी होती. सोपानची बायको. तिची सहा वर्षांची मुलगी, संस्कृती, केबिनच्या पायरीवर उभी केलेली होती. तिचं तोंड वर, पाइपाकडे. बापाचा श्वास पोरीच्या चेहऱ्यावर पडायचा होता. पोरीला जन्मापासून बाळदमा. बुवांनी सांगितलं होतं, अकरा रविवार हा श्वास मिळाला की तिचा दमा बाप स्वतःच्या अंगावर घेईल. फक्त डॉक्टरांनी दिलेला पंप त्या काळात बंद. एका छातीत दोन श्वास राहत नाहीत. पंप साळुबाईनं स्वतःच्या हातानं बुवांच्या झोळीत टाकला होता.

आरतीला ओरडायचं होतं. पण तो हुंकार ऐकला की ती स्वतःच कान देऊन उभी राही. कारण तो आवाज तिच्याही ओळखीचा होता. सोपानला कधीही कुठलं गाणं पुरतं आलं नाही. हातात पाना असला की तो असाच एका सुरात गुणगुणायचा, वर नाही, खाली नाही. उन्हाळ्यातल्या दुपारी विहिरीत पारवा घुमावा तसा.

तो पाईप सोपाननं तिच्याच देखत केला होता.

लिलावातून आणलेल्या त्या जुन्या ट्रकला त्यानं दुसऱ्याच गाडीचं मोठं इंजिन बसवलं होतं. चेसी कापून वाढवली, रेडिएटर पुढं सरकवला. एवढं सगळं झाल्यावर इंजिनाला श्वास घ्यायला मूळची जागा उरली नाही. कंपनीचा फिल्टर बसेना. त्यात पठारावरचा मुरूम आणि खालच्या क्रशरची खडी वाहायची; धूळ एवढी, की आठवड्यात इंजिन खोकायला लागे.

"धूळ खाली असती," सोपान तिला म्हणाला होता. "वरची हवा स्वच्छ. म्हणून ह्याचं नाक वर न्यायचं."

बेल्ह्याच्या झुंबरलालशेठच्या दुकानातून त्यानं तीन इंची पीव्हीसी पाईप आणला. ठिबकवाले नळी वाकवतात त्या रीतीनं पाइपात वाळू ठासून भरली, दोन्ही तोंडं बुजवली आणि तुराट्यांच्या जाळावर तो फिरवत राहिला. वाळू आत असली की पाईप चपटा न होता गोल वाकतो. एक टोक आरतीच्या हातात होतं, ओलं पोतं गुंडाळलेलं. "हळू, हळू. आता वाकव. बास!" दोघांच्या मधोमध पाईप वळला तेव्हा त्या जाळाच्या धगीत सोपानचा चेहरा एखाद्या मूर्तिकारासारखा झाला होता.

फिल्टरसाठी डेअरीतून बाद झालेला दुधाचा कॅन. त्यात तेल लावलेला काथ्या आणि जाळी. आणि कॅनच्या अलीकडे पाइपाला एक टी, तीन तोंडांचा सांधा. टीची दुसरी नळी दोन इंची, तीन वितींची, सरळ खाली लोंबणारी, तळाला झाकण लावून बंद. जड धूळ वळणावर तिच्यात पडावी. दर आठवड्याला झाकण काढून ती झाडून टाकावी. झुंबरलालशेठनं टीचा उपयोग विचारला होता. "शेठ, ट्रकला शेंबूड पुसायला नको का?" सोपान म्हणाला, आणि शेठ गल्ल्यावर बसल्या बसल्या हसत सुटले.

पुढं मार्गशीर्षात, आणे घाटाच्या दुसऱ्या वळणावर, चाकाखाली दगड लावायला सोपान खाली उतरला. वरून आलेल्या एका गाडीचा ब्रेक लागला नाही. ट्रकला ओरखडासुद्धा पडला नाही.

तेराव्यानंतर सुदर्शननं ट्रक धुऊन काढला, सगळी झाकणं उघडून साफ केली, पूजा केली आणि खालून खडीची खेप भरून तो निघाला. घाटाच्या दुसऱ्या वळणावर ट्रक हुंकारला. सुदर्शन गाडी तिथंच उभी करून पळाला. आठवड्यात ही गोष्ट पठारभर झाली, पंधरवड्यात भगवंतबुवा उगवले. त्यांनी पहिला नियम घालून दिला तो असा: कॅन उघडायचा नाही, नळीला हात लावायचा नाही. उघडलं की श्वास उडून जाईल.

सुरुवातीला आरतीही दुपारच्या वेळी एकटी जाऊन त्या केबिनमध्ये बसे. विरहात माणूस एखाद्या वस्तूवर कान ठेवतं आणि ती वस्तू बोलते. ती का बोलते, हे विचारण्याची शक्ती त्या दिवसांत कुणाला असते?

त्या रविवारी बुवांनी दुसरी मूठ उधळली, मग तिसरी. वारा पडलेला होता. जो भंडारा पाइपानं ओढला नाही तो पोरीच्या तोंडावर आला. सायलेन्सरचा काळा धूर मागून पुढं येत होता. अलीकडे ट्रक फार धूर टाकायचा.

संस्कृती खोकली. एकदा, दोनदा, आणि मग खोकला थांबला. आरतीला त्या थांबण्याचा अर्थ ठाऊक होता. पोरीचे खांदे कानांकडे चढले, गळ्याखाली खळगा पडू लागला, ओठांच्या कडा जांभळट झाल्या. तिच्या छातीतून पावा फुटल्यासारखी शीळ येऊ लागली.

"आला! बाप अंगात आला!" बुवा ओरडले. "माय, पोरीला धरा. सुदर्शन, दाब! अजून दाब!"

"सोडा तिला!"

आरती बुवांवर धावून गेली. कुणी अडवलं, तिनं कोपर मारलं. झोळी हिसकली, नारळ, सुपारी, अंगारा मातीत सांडला, आणि त्यातून तो निळा पंप हाती लागला. तिनं पोरीला गर्दीबाहेर नेलं, लिंबाखाली बसवलं, पंप हलवून तोंडात धरला. "घे बाळ. आत घे. धरून ठेव. आता सोड. परत." गर्दी गोल करून उभी राहिली, तेव्हा ती किंचाळली, "हवा येऊ द्या की रं!"

किती वेळ गेला कोण जाणे. हळूहळू तो खळगा भरला. संस्कृतीनं डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलली. "आई, पप्पा लई पिवळे हायेत."

मागून साळुबाईचा आवाज आला. "अर्धवट ठिवलंस. तो घ्यायला आलता तिचं दुखनं, तू मधीच तोडलंस."

आरती पोरीच्या तोंडावरची हळद पुसत राहिली.

दुसऱ्या दिवशी ती पोरीला घेऊन एसटीनं नारायणगावला गेली. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोरीची छाती तपासली, केसांतली हळद बोटावर घेतली. मग म्हणाल्या, "पूड आणि धूर, हिच्यासाठी याहून वाईट काही नाही. वर औषध बंद. पुढचा झटका असा आला आणि पंप जवळ नसला, तर मला दाखवायलासुद्धा आणता येणार नाही तुम्हाला. कळतंय ना?"

"लोक म्हणत्यात पंपाची सवय लागती."

"श्वासाची सवय जन्मताच लागते, बाई. ती सुटली की काय होतं, ते तुम्ही कालच पाहिलंय."

घरी आल्यावर पोरीसाठी मऊ गोधडी शिवावी म्हणून आरतीनं पेटी उघडली. तळाशी तिची हिरवी सुती साडी होती, लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीची. घडी उलगडताना काठाजवळ एक पट्टा गेलेला दिसला; कात्रीनं नव्हे, दातानं धरून टरकावलेला. ती तशीच खाली बसली.

पाईप बसवला त्याच संध्याकाळी सोपाननं तिला घाटात फिरवून आणलं होतं. चढावर गाडी हुंकारली होती. तेव्हाही! ती दचकली आणि तो खो खो हसला. "ऐकलंस? गाडी गायला लागली." दुसऱ्या खेपेला त्याचं डोकं भणभणलं, तेव्हा घरी येऊन वैतागून म्हणाला, "ही खालची नळी वाजतीये. दे काहीतरी कापड." दोरीवर साडी वाळत होती. तिनं हातात देण्याआधीच त्यानं तिचा काठ दातात धरला. "अवं! संक्रांतीची हाय ती!" नळीच्या पोटात चिंधी बसली आणि ट्रक मुका झाला.

म्हणजे सोपान जिवंत असताना, तिच्या शेजारी बसलेला असताना, तो हुंकार होता. तो गेल्यावर सुदर्शननं ट्रक धुताना आतली मळकी चिंधी काढून फेकली. एवढंच घडलं होतं. मृत्यूनं काहीही बोलायला सुरुवात केली नव्हती. केवळ एक बोळा निघाला होता.

आरती त्या साडीत तोंड खुपसून रडली. सोपान गेला तेव्हाही ती इतकी रडली नव्हती. त्या वेळी निदान पाईप उरला होता.

पुढच्या रविवारी गर्दी दुप्पट होती. झटक्याची बातमी चमत्कार होऊनच पसरली होती. बुवांनी तोंड उघडण्याआधी आरती ट्रकच्या पायरीवर चढली. संस्कृती खाली उभी होती, नाकातोंडावर ओला रुमाल बांधलेली. पंप आईच्या कमरेला, बटव्यात.

"भावजी, गाडी बंद करा. पाना द्या."

सुदर्शन गडबडला. "वहिनी, बुवांनी सांगितलंय, कॅन उघडायचा न्हाई."

"तुमच्या भावानं दर आठ दिवसांनी उघडला. बुवांनी कधी हात काळे केलेत? द्या पाना."

"आरते!" साळुबाई पुढं झाली. "हात लावलास तर माझं मेलेलं तोंड बघशील."

आरतीचा हात थबकला. "आत्या, तुमाला न्हाई हात लावत मी. कॅनला लावते." आणि तिनं पान्यानं कॅनची पट्टी सैल केली.

झाकण निघालं. तिनं काथ्या उपसून बाहेर काढला आणि सर्वांसमोर उलटा धरला. तेलात भिजून घट्ट झालेला पिवळा लगदा, पोह्याच्या गोळ्यासारखा. त्यात झेंडूच्या पाकळ्या, बुक्का, कुणाच्या तरी नवसाचा लाल दोरा, एक अर्धवट घडी झालेली चिठ्ठी.

"हे तुमचं घेतलेलं," ती म्हणाली. "कुनी घेतलं न्हाई. इंजिन हवा वढतं, तिच्यासंगं हे आत आलं अन् काथ्यात अडकलं. ह्याच्यानं गाडीचा दम कोंडला. म्हणून काळा धूर. तोच धूर अन् हीच पूड माझ्या पोरीच्या छातीत गेली."

गर्दीत कुजबुज झाली. एक बाई त्या लाल दोऱ्याकडे एकटक पाहत होती.

बुवा हसले. "अज्ञानी हाय बिचारी. कचरा कॅनमध्ये गेला, भाव वर गेला! लोकहो, देवळात नारळ फोडता, करवंट्या काय देव नेतो? आवाजाचं बोल की माय. आवाज कुनाचा? कोन बोलतं?"

"तेच दावते. संस्कृती, टोपण काढ."

पोरीनं रुमाल खाली ओढला, खिशातून पेनाचं टोपण काढलं, खालच्या ओठाला टेकवलं आणि वरून फुंकर घातली. बारीक, स्वच्छ शीळ उठली. शाळेत जाणारी चार पोरं आपापली टोपणं चाचपू लागली.

"टोपणात कोण मेलंय, बुवा?" कुशाबानं विचारलं.

या वेळी पुष्कळ लोक हसले. आरती हसली नाही. लेकीची ती फुंकर पूर्ण, न तुटता बाहेर पडली होती; आरतीचे डोळे क्षणभर तिथंच अडकले.

"ही खालची नळी मोठं टोपण हाय," ती म्हणाली. "एका तोंडाला बंद. तिच्या तोंडावरनं वारा जोरात गेला की आतली हवा घुमती. नळी लांब, म्हणून आवाज खोल. इंजिन हळू असलं की वारा कमी, तेव्हा गप. भावजींनी पाय दाबला की वारा वाढला, बोलली. तिसऱ्या हाकंला बुवांचा हात खाली येतो अन् भावजींचा पायबी. व्हय ना, भावजी?"

सुदर्शन स्टिअरिंगकडे बघत राहिला. "बुवा म्हनले, हात खाली आला की दाब. त्याला वाट मोकळी व्हती."

"अन् घाटातल्या वळणावर?" कुणीतरी विचारलं. "जिथं तो गेला, तिथंच कशी वाजायची?"

"तिथं चढ लागतो. तुमीबी गाडी हाकता की, काका. तिथं कुठल्या गिअरवर येता?"

"दुसऱ्या."

"अन् पाय?"

त्या माणसानं आपल्या उजव्या पायाकडे पाहिलं. मग हलकेच म्हणाला, "दाबून धरावा लागतो."

आरतीनं कमरेचा बटवा सोडला. त्यातून हिरव्या कापडाचा एक पट्टा निघाला, दातानं टरकावलेला. दुसऱ्या काठाचा, आज सकाळी तिनं स्वतः फाडलेला. कॅन पुन्हा जागेवर बसवला. "आदी तसंच ऐका." ती खूण करताच सुदर्शननं गाडी चालू केली, पाय दाबला. हुंकार आला, खोल, ओळखीचा. कुणीही हाक मारली नव्हती.

मग तिनं खालच्या नळीचं झाकण काढलं, चिंधी आत सारली, झाकण लावलं. "दाबा."

इंजिन गरजलं. फक्त इंजिन. सुदर्शननं अजून दाबलं, पायाखालची माती थरथरली, पण त्या आवाजाच्या तळाशी कुणी नव्हतं. चिंधी काढली, हुंकार आला. घातली, गेला. कुशाबानं स्वतः पुढं येऊन चिंधी काढून पाहिली, घालून पाहिली आणि टोपी काढून डोकं खाजवलं.

"आत्मा एवढ्याशा फडक्याला भितो म्हणा की," तो म्हणाला.

"अशुद्ध बाईचं कापड!" बुवांचा आवाज चढला. "त्यानं बाटला पाईप! लेकराची वाट तोडली ह्या बाईनं!"

"बुवा," आरती हळू बोलली, "हा पाईप श्वास देत न्हाई. घेतो. त्याचं तोंड आत वढणारं हाय. माझ्या पोरीला तुमी सात रविवार एका वढणाऱ्या तोंडाखाली उभं केलं अन् सांगितलं, ह्यातनं बापाचा श्वास मिळतोय. तिचा होता तेवढाबी चालला व्हता." मग तिनं गर्दीकडे पाहिलं. त्यात तिच्यासोबत शाळेत असलेल्या बायका होत्या, ज्यांनी सोपानच्या मयताला तिला धरून ठेवलं होतं. "मला काय वाटत न्हाई का, त्यांनी बोलावं? मला तुमच्यापरीस जास्त वाटतं. पन मला वाटतं म्हणून पाईप बोलत न्हाई. देवाला मानायचं तर माना. एखादी गोष्ट नवलाची वाटली, तर हात जोडायच्या आदी ती एकदा उघडून बघा. झाकण काढू नका असं जो सांगतो, त्याला इचारा, का? अन् आजारी लेकराचं औषध कुनाच्याबी झोळीत टाकू नका."

लोक एकेक करून पांगले. कुणी शरमिंदं, कुणी चिडलेलं, कुणी नुसतंच भुकेलं. आपल्या नवसाचा लाल दोरा त्या बाईनं लगद्यातून अलगद सोडवून नेला. भगवंतबुवा माध्यान्हीच्या आत निघून गेले. पुढं महिन्याभरात कळलं, की दूर तळेघरच्या बाजूला एका खोडातून पाणी झिरपतं आणि त्या खोडाशी पिवळा झब्बा घातलेला कुणी बसतो. फसवणूक मरत नाही, नुसती गाव बदलते. तिच्यामागं प्रत्येक गावात कुणाला तरी पाना घेऊन उठावं लागतं, आणि बहुधा ते उठणारं माणूसच आतून सर्वांत जास्त तुटलेलं असतं.

रिकाम्या अंगणात साळुबाई तेवढी बसून होती. "मुका केलास त्याला," ती म्हणाली. "एकदा गाडीनं नेला, एकदा तू."

आरती वाकून मातीत पडलेला लगदा गोळा करू लागली.

दोघींत कित्येक दिवस कामापुरतंच बोलणं राहिलं. संस्कृती सकाळ-संध्याकाळ पंप घेई. सुरुवातीला आजी तोंड फिरवी. मग एकदा, आरती शेतावर असताना, पोरीला धाप लागली. आरती धावत आली तेव्हा साळुबाई उंबऱ्यात बसली होती, नात मांडीवर, आणि तिचा तो सुरकुतलेला हात पंप धरून होता. "घे बाळ. आत घे. धर. सोड." शब्द आरतीचे होते, चुकता एकही नव्हता.

दिवाळीनंतरची गोष्ट. सुदर्शन खडी आणायला निघाला होता. साळुबाईनं पदर सावरला आणि म्हणाली, "मला घाटापतुर ने."

आरतीही बसली. खाली उतरून, खडी भरून ट्रक परत चढाला लागला. उन्हं कलली होती. गवत पिवळं पडलं होतं. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणाच्या अलीकडे साळुबाईनं सुदर्शनच्या हाताला हात लावला.

"थांब." मग सुनेकडे न बघता म्हणाली, "आरते, ती चिंधी काढ ना. एकदाच."

आरती सासूकडे वळली. "आत्या, ते न्हाईत त्यात. वारा हाय नुसता."

"ठावं हाय गं मला." साळुबाईनं समोरच्या रस्त्याकडे पाहिलं, जिथं वर्षभरापूर्वी चाकाखाली लावलेला तो दगड अजून कडेला पडून होता. "पन नळी त्यानं केली ना? कुनी दुसऱ्यानं तर न्हाई? मग त्यानं केलेली नळी कशी वाजती, तेवढं ऐकू दे. बोलत न्हाई तो. वाजतीच हाय ती. ठावं हाय."

आरती खाली उतरली. झाकण काढलं. हिरवी चिंधी धुळीनं राखाडी झाली होती. तिनं ती झटकून मुठीत धरली, झाकण लावलं आणि पुन्हा वर चढली.

सुदर्शननं दुसरा गिअर टाकला आणि पाय दाबून धरला. वारा तीन वितींच्या नळीच्या तोंडावरून जाताना, जगातल्या कुठल्याही नळीत तो जसा घुमतो तसा, घुमला. दोघी बायका शेजारी बसून ऐकत राहिल्या. कुणी हात जोडले नाहीत, कुणी हाक मारली नाही. वळण संपलं, चढ सरला, सुदर्शननं पाय उचलला, आणि आवाज आपोआप विरून गेला.

"लाव आता," साळुबाई म्हणाली. "पोर शाळंतनं येईल. तिचा पंप दप्तरात दिलास ना?"